पिवळी परत दे, हिल्डिंग

एल्वसुंडा, १३ मे

हिल्डिंग,

नमस्कार-चमत्कार राहू देत. तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. टपाल काही तुला बंद करता येणार नाही. टपालवाली दिवसाआड येते, पण येते.

तुझी निळी गाडी काल संध्याकाळी सुखरूप पोचली. ट्रेलरवर चढताना जरा कुरकुरली, माझ्या अंगणात उतरल्यावर गप्प झाली. आत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती दिसते आहे. मी कॉफी पिते आहे आणि तिच्याकडे बघते आहे. तू गेल्यापासून कॉफी इतकी गोड लागली नव्हती, आणि मी साखर घालत नाही हे तुला माहीत आहे.

गुलनने चिठ्ठी उघडून माझं नाव वाचलं तेव्हा तू म्हणालास, "व्हेंडला? कोण व्हेंडला?" पंचवीसेक वर्षं एका ताटात जेवलास आणि कोण व्हेंडला. गुलन किती वर्षं आपल्या शर्यतींचं दप्तर सांभाळते आहे, पण तिला कधी इतकं हसू आवरताना पाहिलं नव्हतं. चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुझीच रे. आधीची." मग सगळं मैदान हसलं. तुझी आत्ताची मारितसुद्धा हसली, मी पाहिलं.

आणि वर तू म्हणतोस, "हे नियमात बसत नाही." अरे शहाण्या, ज्या नियमावर आपण आयुष्य काढलं तोच विसरलास? शर्यत संपली की मैदानातली प्रत्येक गाडी विकाऊ. किंमत सगळ्यांना एकच, बऱ्यापैकी सोफ्याला पडते तेवढी. त्या दिवशी जो शर्यतीत उतरला असेल त्यानं हव्या त्या गाडीसाठी चिठ्ठी टाकायची. दोघांनी टाकली तर गुलन बिस्किटांच्या डब्यातून एक काढणार. मालक नाही म्हणाला तर त्याचा परवाना रद्द. गाडी हातची जाण्याच्या भीतीनंच आपल्या या खेळात कुणी गाडीवर पैसा ओतत नाही. म्हणून तर लोक भंगारातून काढलेले, नवे रबरी बुश दाबून बसवलेले सस्पेन्शनचे आर्म आणि चाक धरून ठेवणारे स्वस्तातले स्टड आपल्याकडून नेत आले. त्यावर आपली चूल पेटली, आपली लेक टूवा शिकली. आता तोच नियम तुला चावला तर लगेच वाईट झाला का?

शर्यतीत मी उतरले होते. शेवटची आले, पण उतरले होते. ती करडी, दार दोरीनं बांधलेली, ती माझी. तू दोनदा मला वळसा घालून पुढे गेलास आणि आत कोण बसलंय ते बघितलंही नाहीस. हेल्मेटमध्ये सगळ्या बायका सारख्याच दिसतात म्हणा.

हे कशासाठी, असं तू विचारणार नाहीस, कारण तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, म्हणजे पुढे माहीत नव्हतं म्हणायला जागा नको. आईच्या दफनाच्या दिवशी मी चर्चमध्ये उभी होते, तेव्हा तू माझ्या गॅरेजचं कुलूप काढून पिवळी घेऊन गेलास. माझी पिवळी. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे कोंबड्या बसायच्या तिच्यात, तिथून मी तिला उचलली. प्रत्येक सांधा मी बसवला आणि जिल्ह्याचा चषक मी तिच्यातून आणला. घटस्फोटाच्या वेळी त्या वकीलबाईंनी विचारलं, "गाडी कोणी बांधली?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी बांधली. व्हेंडला कॉफी करायची." बाईंनी ते लिहून घेतलं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. पिवळी परत दे, मी थांबते. नाही दिलीस तर तू मैदानात जी गाडी आणशील ती मी नेणार.

कॉफीवाली व्हेंडला


एल्वसुंडा, २७ जून

हिल्डिंग,

तुझं कार्ड मिळालं. "पुरे झालं. लोक हसतात." एवढंच लिहिलंस, आणि तेही बदकाचं चित्र असलेल्या कार्डावर. लोक हसतात ते तुला. मला तर लोक हल्ली सॉसेजच्या टपरीवर रांगेत पुढे जाऊ देतात.

लाल गाडीसाठी आभार. लाल निळीपेक्षा बरी निघाली. दोन्ही सुट्या केल्या. निळीचे पुढचे खालचे आर्म मी स्ट्यूरेला दिले. हो, तोच स्ट्यूरे, ज्याला तू "ट्रॅक्टरवाला" म्हणतोस. अगदी पडत्या भावात दिले. परवा त्यानं तुला दुसऱ्या वळणावर आतून मागे टाकलं ना, ते तुझ्याच आर्मवर. मी कठड्याला टेकून पाहत होते. स्ट्यूरे नंतर मला म्हणाला, "वहिनी, गाडी वळणाला अशी चिकटते, की सासूबाईंचीच आठवण झाली." त्याची सासू भली बाई आहे, पण मी हसले.

तुझे स्टड मात्र मी कुणाला विकले नाहीत. एअर गन किंचाळेपर्यंत नट आवळायचा, ही तुझी खोड मेलास तरी जायची नाही. किती वेळा सांगितलं, स्टड ताणला की त्याचा जीव जातो. वरून धड दिसतो, पण आटे ओढले गेलेले असतात, आणि मग कधी दगा देईल ते त्यालाही माहीत नसतं. तू म्हणायचास, "घट्ट म्हणजे घट्ट." पालथ्या घड्यावर पाणी. असला माल मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. लाल गाडीचा मागचा अख्खा ॲक्सल मी करडीखाली घेतला. उजव्या बाजूचे स्टड लगेच बदलले, डावीकडचे सवडीनं बदलीन. तशीही मी हळूच चालवते, असं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस.

उन्हाळ्याच्या सणाला टूवा आली होती. नवे बटाटे, हेरिंग मासे, सगळं केलं होतं. तुझी खुर्ची मी तळघरात नेऊन टाकली आहे, तरी तिनं विचारलं कुठे आहे. मग जेवताना म्हणाली, "आई, घटस्फोटानंतर तुम्ही दोघं जितके भेटता, तितके संसारात भेटत नव्हतात." मी म्हटलं, तेव्हा तुझे बाबा हरत नव्हते, भेटून काय करायचं होतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही वेडे आहात, मी कुणाचीच बाजू घेणार नाही." घेऊ नये. पण जाताना निळीचं स्टीअरिंग मागून घेऊन गेली, भिंतीवर लावायला. पोर कुणावर गेली ते तूच ठरव.

पिवळी कुठे ठेवली आहेस ते मला कळलं आहे. मारितच्या भावाच्या धान्याच्या कोठारात, ताडपत्रीखाली. घाबरू नकोस, मी कुलूप काढून गाड्या नेत नाही. ती रीत तुझी. मी नियमानं नेणार, गुलनच्या डब्यातून, तुझ्या डोळ्यांदेखत.

तुझ्याकडे आता हिरवी उरली. मग काय आणशील?

व्हेंडला


एल्वसुंडा, १० ऑगस्ट

हिल्डिंग,

लाज वाटत नाही?

तुझ्या कंपूतल्या प्रत्येकाला तू हिरवीसाठी चिठ्ठी टाकायला लावलीस. डबा निम्मा भरला. माझी एक चिठ्ठी त्या ढिगात बुडाली. नाव निघालं ते तुझ्या जिगरी दोस्ताचं, शेलचं. मोठ्या थाटात त्यानं गाडी घेतली आणि तासाभरात तुझ्या ट्रेलरवर परत चढवली. मी सगळं बघत होते. गुलन म्हणाली, "नियमात बसतं गं, मी काय करू?" तिचं काही चुकलं नाही. नियम मला चावला, तर मी तक्रार करणार नाही. तेवढा फरक आहे तुझ्यात आणि माझ्यात.

पण टपरीवर तू जे बोललास ते मी विसरणार नाही. मी मागे उभी आहे हे पाहून मुद्दाम मोठ्यानं म्हणालास, "म्हातारीला एक कप द्या रे. ती त्यातली जाणकार आहे." शेल हसला. टपरीवालीनं मान खाली घातली. या वेळी मारित मात्र हसली नाही. तिच्याबद्दल माझं मत बदलायला लागलंय, हे तिला सांगू नकोस.

मी कप घेतला, प्यायले आणि घरी आले. गाडीत बसून रडले. हे तुला कळू नये असं वाटत होतं, पण कळू दे. रडून झाल्यावर करडी जॅकवर चढवली आणि तुझ्या लाल गाडीच्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, सगळं तिच्याखाली बसवून टाकलं. दोरी काढून दार वेल्ड केलं. आता ती वरून माझी आणि खालून तुझी आहे. तुझी हाडं वापरून तुलाच मागे टाकीन, मग बघू जाणकार कोण.

दोस्त तुझे आहेत, कबूल. पण गिऱ्हाइकं माझी आहेत. अख्ख्या वेर्मलांड प्रांतात ज्याचा आर्म वाकला, ज्याचा स्टड तुटला तो रविवारी सकाळी कोणाच्या दारात उभा असतो? आणि मी नाश्ता सोडून कोणासाठी उठले आहे आजवर? त्या सगळ्यांना चिठ्ठी टाकता येते.

व्हेंडला


एल्वसुंडा, २५ ऑगस्ट

हिल्डिंग,

हिरवी आली. स्ट्यूरेच्या नावावर निघाली, त्यानं रात्रीच्या जेवणाआधी माझ्या दारात आणून लावली. मोबदल्यात दालचिनीचे पाव मागितले. एक तबक भरून दिले.

आता अंतिम शर्यत. गुणांत तू पहिला आहेस असं ऐकते. आला नाहीस तर स्ट्यूरेकडे चषक जातो. ट्रॅक्टरवाल्याकडे. यायचं तर गाडी पाहिजे, आणि चांगली गाडी तुझ्याकडे एकच उरली आहे. ताडपत्री काढ, हिल्डिंग. कोठारातली उंदरांची घरं बाहेर काढ. टायरमध्ये हवा भर.

व्ह.


एल्वसुंडा, १५ सप्टेंबर

हिल्डिंग,

पिवळी घरी आली आहे.

हे वाक्य मी तीन वेळा लिहून बघितलं. चांगलं दिसतं.

तुला तिथं सगळं दिसलंच, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. पाऊस होऊन गेला होता, खडीचा नुसता रबडा झाला होता. तू पहिल्या रांगेत आतल्या बाजूला, पिवळीत. तिच्या बॉनेटवर माझं नाव होतं तिथं तू काळा रंग फासलास. मी मागच्या रांगेत, काचेवर चिखल, एक हात स्टीअरिंगवर आणि दुसऱ्या हातात पुसायचं फडकं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच अंतिम फेरीत होते तुझ्याबरोबर. आधी आपल्या घरातून एकच जण अंतिम फेरीत जायचा, आणि दुसरा कॉफी करायचा, नाही का?

उंचवट्यावरून करडी उडाली आणि खाली आली ती मांजरासारखी. तेव्हाच मला कळलं, आज जमतंय. तुझ्या स्प्रिंगा खरंच चांगल्या आहेत. मोडकी गाडी तुला चालते, पण वाईट स्प्रिंगा तू कधी वापरल्या नाहीस, एवढं तुझं मान्य करावंच लागेल. शेवटच्या वळणाआधी मी तुझ्या शेजारी आले. तू वळून बघितलंस. या वेळी आत कोण आहे ते तुला माहीत होतं. आणि तू स्टीअरिंग वळवून मला टायरांच्या भिंतीवर दाबलंस. माझं मागचं डावं चाक भिंतीला घासत गेलं, ठणठणाट झाला. जाऊ दे, ती आता तुझी डोकेदुखी. मी पाय उचलला नाही. स्ट्यूरे पहिला, मी दुसरी, तू तिसरा. एका बंपरनं तिसरा, पण तिसरा. चषक ट्रॅक्टरवाल्याकडे गेला.

मग डबा. पिवळीसाठी इतक्या चिठ्ठ्या आल्या, की गुलनला टपरीतून दुसरा डबा आणावा लागला. तुझा कंपू एका बाजूला, माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूला. गुलननं बाही वर केली, हात घातला, बराच वेळ ढवळलं. चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. नाव वाचायच्या आधीच स्ट्यूरेनं मला उचललं होतं. माझी कंबर अजून दुखते आहे.

तुझा चेहरा बघायची मी फार वाट पाहिली होती. पण मी बघेपर्यंत गुलन पुढचं वाचत होती. "करडी. एकच चिठ्ठी." मी म्हटलं, करडी कोण नेणार, चुकून पडली असेल. गुलन म्हणाली, "हिल्डिंग."

तू चिखलातून चालत आलास, करडीच्या टपावर हात ठेवलास आणि म्हणालास, "खालून सगळी माझीच आहे. घरी नेतो." मी म्हटलं, ने की. आणखी काही बोलावंसं वाटलं नाही. तू ती ट्रेलरवर चढवलीस, मी पिवळी चढवली, आणि फाटकाबाहेर तू डावीकडे गेलास, मी उजवीकडे.

घरी आल्यावर मी टर्पेंटाइन घेतलं आणि काळा रंग खरवडला. नाव खाली तसंच आहे.

झालं गेलं फिटलं असं मात्र समजू नकोस. काहीही फिटलेलं नाही.

व्हेंडला


एल्वसुंडा, ९ ऑक्टोबर

हिल्डिंग,

हे पत्र टपालानं येणार नाही. मी स्वतः येऊन तुझ्या पत्रपेटीत टाकते आहे. पेटीच्या खाली पिशवी टांगली आहे, ती आधी घे. जड आहे, खालून धर.

करडी चालवू नकोस. पत्र पुढे वाच किंवा वाचू नकोस, पण पिशवीतलं बसवल्याशिवाय करडी चालवू नकोस.

मागचं डावं चाक. ॲक्सल तुझ्या लाल गाडीचा आहे. उजव्या बाजूचे स्टड मी बदलले, डावीकडचे राहून गेले. ते पाचही तुझेच आहेत, तुझ्याच एअर गननं आवळून आवळून ताणलेले. त्यात तू मला भिंतीवर दाबलंस. तू तिला ट्रेलरवर चढवत होतास तेव्हा ते चाक डुगडुगलं. तू पुढे ट्रेलरची वायर ओढत होतास, तुला दिसलं नाही. मला दिसलं. मी तुझ्यापासून चार हातांवर उभी होते आणि बोलले नाही.

घरी आल्यावरही बोलले नाही. तुला विजयाचं एवढं लांबलचक पत्र लिहिलं, त्यात चाकाचा उल्लेख केला आणि डोकेदुखी म्हणून सोडून दिला. मला वाटलं, पहिल्याच उंचवट्यावर चाक निखळेल, बटाट्याच्या शेतात गडगडत जाईल, आणि तू सगळ्यांसमोर तीन चाकांवर बसून राहशील. मग मी टपरीवरून मोठ्यानं म्हणेन, त्याला एक कप द्या रे. एवढंच वाटलं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण ते खोटं आहे. राग आला की त्याच्याहून वाईटही वाटायचं. काय ते लिहीत नाही, तुला समजेल. या महिन्यात दोन पत्रं लिहिली आणि शेगडीत टाकली.

आज सकाळी टूवाचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, शनिवारी बाबा करडी घेऊन उतरणार आहेत, हंगाम संपायच्या आधी एकदा. मी विचारलं, "चाकं काढून बघितली का त्यांनी?" ती म्हणाली, "मीही तेच विचारलं. तर म्हणाले, व्हेंडलाच्या हातची गाडी आहे, तिच्यात काय बघायचं?"

फोन ठेवला आणि नवे स्टड काढायला गेले.

नालायक माणसा. वकीलबाईंसमोर हे बोलला असतास तर? मैदानात, शेलसमोर, एकदा तरी? अख्ख्या संसारात हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी थांबले होते. आणि तू ते बोललास कधी, तर मी समोर नसताना, आणि त्या एकाच चाकाबद्दल, जे माझ्या हातचं नाही. ते तुझ्या हातचं आहे. त्या चाकानं तू मेला असतास, तर सगळं वेर्मलांड म्हणालं असतं, व्हेंडलानं बांधलेल्या गाडीत मेला. तेव्हा बरी सगळ्यांना आठवली असती गाडी कुणी बांधली ते.

टूवाला सांगितलं आहे तुला फोन करायला. पण तू फोनवर कुणाचं ऐकत नाहीस, आणि स्टड फोनमधून जात नाहीत. म्हणून आले.

पिशवीत पाच नवे स्टड आणि पाच नट आहेत. माझ्याकडचे सर्वात चांगले आहेत, स्वस्तातले नाहीत. जुने ठोकून काढ, नवे मागून घालून नटानं ओढून बसव, तिरके बसले तर काढून पुन्हा बसव. एअर गन कपाटात ठेव आणि किल्ली मारितला दे. हातपान्यानं आवळ, एक झाला की शेजारचा घेऊ नकोस, समोरचा घे. पहिली फेरी झाली की परत तपास. तुला हे सगळं येतं. तरी मी लिहिणार आणि तू वाचणार.

याचे पैसे नकोत. फुकट आहे. तुला टोचावं म्हणूनच फुकट दिलं आहे.

आणि मी पाघळले असं समजू नकोस. तू मेलास तर वसंतात मी कुणाची गाडी नेऊ? शेलची? मला तू जिवंत हवास, धडधाकट हवास आणि माझ्या मागे हवास.

व्हेंडला


बदकाचं चित्र असलेलं कार्ड, १३ ऑक्टोबर

व्हेंडला,

एक स्टड आधीच तुटलेला होता. दोन हातानंच निघाले. नवे हातानं आवळले, समोरासमोर. फेरीनंतर तपासले. शनिवारी पाचवा आलो. गाडी छान चालली.

मारितनं विचारलं, ही कोणी बांधली. तेव्हा शेल पण होता. मी सांगितलं.

वसंतात कॉफी मी आणतो.

हि.


एल्वसुंडा, १७ ऑक्टोबर

हिल्डिंग,

कार्ड मिळालं. फ्रिजवर लावलेलं नाही, उगाच समज करून घेऊ नकोस. पिवळीच्या डॅशबोर्डवर आहे, तिथं काहीतरी चिकटवायला लागतंच, भोक पडलंय.

पाचवा? माझ्या स्टडवर पाचवा? लाज काढलीस.

वसंतात मी पिवळी घेऊन उतरणार आहे. म्हणजे शर्यत संपली की तीही विकाऊ असेल, तुला कळतंय ना? हिंमत असेल तर चिठ्ठी टाक. मीही करडीसाठी टाकणार आहे. तुझं नाव निघालं तर गुपचूप देईन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पुढच्या शर्यतीत परत आणीन.

कॉफी काळी, साखर नको. मोठा थर्मास आण. परत जाताना तुझा ट्रेलर रिकामाच असणार आहे, त्याच्यावर निदान तो तरी ठेवता येईल.

व्हेंडला